लाइल ब्रेक्केचे साठ पौंड

आमच्या स्टॅनरूड गावात लाइल ब्रेक्केला विचारल्याशिवाय कुणी साधी हातगाडी घेत नसे. आणि लाइल स्वतः मात्र अकरा वर्षं एका कॅम्परच्या मागे फिरत होता आणि घेत नव्हता. घेत नव्हता म्हणजे काय, बघत होता. भाव काढत होता. ह्याची तुलना त्याच्याशी, त्याची तिसऱ्याशी. "अहो, अकरा वर्षांत लोकांची पोरं शाळा संपवून लग्नाला आली," असं त्याची बायको आर्डिस चारचौघांत म्हणायची, "आणि आमचा अजून भावच ठरतोय!"

तसा माणूस चोख. अडतीस वर्षं गावच्या गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर होता. भरलेला ट्रक फाटकातून वळला की त्याच्या स्प्रिंगचे पाटे किती बसलेत एवढंच तो खिडकीतून बघायचा आणि आकडा सांगायचा. मग ट्रक काट्यावर चढायचा आणि काटा मुकाट्याने तोच आकडा दाखवायचा. कोठारातून बाहेर पडणारा ट्रक ठरल्यापेक्षा वीस पौंड जास्त निघाला म्हणून त्याने सख्ख्या मेहुण्याला परत फिरवलं होतं आणि गहू उपसायला लावला होता. त्या नाताळात आर्डिसच्या माहेरी दोघांना कोमट कॉफी मिळाली. लाइलला त्याचं काही नाही. "काटा नातं बघत नाही," म्हणाला, आणि ती कोमट कॉफी दोन कप प्याला.

कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यावर चढवून बसवायची खोली. आत बिछाना, शेगडी, टेबल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. आमच्या मोंटानात निवृत्त झालेल्या निम्म्या लोकांकडे असतो आणि उरलेल्या निम्म्यांना हवा असतो. लाइल दर शनिवारी ग्रेट फॉल्सला जायचा, डीलरच्या आवारात उभे असलेले कॅम्पर एकेक करून तपासायचा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक. बूट काढून बिछान्यावर आडवं होणं. फुकटचा डोनट, फुकटची कॉफी. मग एका डीलरचा भाव दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचा आणि दुसऱ्याने उतरवलेला भाव घेऊन पहिल्याकडे परत. सेल्समन लोक त्याला लांबून बघून जेवायला निघून जात.

आणि त्या ऑगस्टमध्ये, एका सकाळी अंडी तळता तळता, आर्डिस म्हणाली, "लाइल, या ऑक्टोबरात जायचं. घे आता."

लाइलच्या हातातला जेवायचा काटा हवेतच राहिला. "या ऑक्टोबरात? पुढच्या वर्षीचे मॉडेल आले की जुन्यांचे भाव पडतात, मार्चमध्ये."

"मार्च नाही. ऑक्टोबर."

"अगं, पण—"

"आणि आत संडास हवा. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, अंधारात झुडपामागे जाऊन बसणार नाही. आणि बिछान्याच्या उशाशी खिडकी. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर उभं करायचं, आणि पडल्या पडल्या देवमासे बघायचे."

हे देवमाशांचं वेड जुनं. बारा वर्षांची असताना मामाच्या गाडीतून ती तिकडे गेली होती. एका कड्यावरून तिने समुद्रात देवमाशाची पाठ वर येताना पाहिली, आणि ती पाठ तिच्या डोक्यातून काही गेली नाही. पण ती कधी हट्टाला पेटली नव्हती. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने लाइलला तारीख अशी कधी दिली नव्हती. लाइल चक्रावला. पण आता बायकोच घे म्हणते याचा आनंद इतका, की का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांची यात्रा सुरू झाली.

पहिला कॅम्पर होता टॅमरॅक. छप्पर वर उचललं की कापडाच्या भिंती ताणल्या जाणार, हलकाफुलका. किंमत चोवीस हजार डॉलर. लाइलच्या भुवया वर गेल्या. "तंबूचे चोवीस हजार?"

"हा तंबू नाही, साहेब," सेल्समन म्हणाला.

"कापड आहे ना? खांब आहेत ना? मग आमच्याकडे त्याला तंबू म्हणतात."

आर्डिसने आत डोकावून बघितलं. संडास म्हणून पायऱ्यांखाली एक झाकणाची बादली होती. तिने लाइलकडे नुसतं बघितलं, आणि दोघं बाहेर आले.

दुसरा सिल्व्हर कूली, अडतीस हजार. याच्या पत्रकात वजन फार कमी लिहिलेलं. लाइलला वास आला. त्याने सेल्समनला बाजूला घेतलं. "यात बॅटरी धरली आहे?" नाही. "गॅसची टाकी?" नाही. "पाणी? उभं करायचे चार पाय? बाजूचं ओढायचं छप्पर?" नाही, नाही, नाही. ते सगळं वेगळं, वरून पैसे आणि वरून वजन. लाइलने कपाळावर हात मारला. "अरे लेका, नवरीचं वजन सांगतोस आणि हाडं वगळून सांगतोस!" आणि या धंद्यातली सगळीच मंडळी तसंच लिहितात असं कळल्यावर त्या रात्री तो नीट जेवला नाही. अडतीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला कुणी खोटं वजन छापून विकतो याचा धक्का भावापेक्षा मोठा बसला होता.

तिसरा ग्रे हेरॉन. आर्डिस आत गेली ती बाहेरच येईना. लाइल मागोमाग चढला तर बाई बिछान्यावर आडवी, कोटासकट, आणि उशाच्या खिडकीतून डीलरच्या कुंपणाकडे बघत होती. कुंपणापलीकडे टायरचं दुकान. "हा," ती म्हणाली. "हाच."

आत संडास होता, खरा, दार लावता येणारा. बर्फातही पाणी गोठू नये अशी सोय होती. किंमत एकसष्ट हजार.

लाइलला खाली बसावं लागलं. तो संडासाच्या झाकणावरच बसला, कारण जवळ तेवढीच जागा होती. "आर्डिस, आपलं घर केवढ्याला आलं होतं?"

"एकोणतीस."

"तळघरासकट!"

"तळघर पाठीवर घेऊन जाता येत नाही," आर्डिस म्हणाली.

किमतीचं त्याने सोसलं असतं. बाजूला पडलेले पैसे होते, आणि छापील भावाला गाडी घेणारा मूर्ख अजून जन्माला यायचाय, अशी आमच्याकडे समजूत आहे. घासाघीस करून आठ-नऊ हजार उतरतातच. अडचण वेगळीच होती. लाइलच्या पिकअपच्या दाराच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, सगळ्यांच्याच असते. गाडी, माल, माणसं, सगळं धरून जास्तीत जास्त किती वजन, ते तिथे लिहिलेलं. लाइलच्या गाडीचा आकडा होता अकरा हजार तीनशे नव्वद पौंड. त्यावर एक पौंडही लाइल ब्रेक्के चढवणार नव्हता. दुसरे चढवतात, मागचे टायर फुगलेल्या पोळीसारखे करून हायवेने जातात. तो नाही. आणि नवी मोठी पिकअप घ्यायची तर जमिनीचा शेवटचा तुकडा विकावा लागणार. थोडक्यात, जुनी पिकअप पेलणार असेल तर हेरॉन, नाहीतर नाही. ऑक्टोबरही नाही, खिडकीही नाही, देवमासेही नाहीत.

आठवडाभर लाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरजा करत बसला. हेरॉनचं खरं वजन, बॅटरीसकट, पायांसकट. पाणी. गॅस. पांघरुणं. बिडाची कढई. पिकल नावाचा म्हातारा कुत्रा. स्वतः लाइल, दोनशे तीन. राहिली आर्डिस.

आता आमच्या मुलखाची एक रीत आहे. पुरुष ट्रकचं वजन सांगेल, बैलाचं सांगेल, पकडलेल्या माशाचं दीडपट करून सांगेल, पण बायकोचं वजन विचारणार नाही आणि सांगणार तर त्याहून नाही. डीलरकडे माणसांचं वजन विचारतात तेव्हा नवरे खोकायला लागतात. लाइलला मात्र आकडा ठाऊक होता. कधीतरी सुगीच्या जेवणाला गावच्या बायका हसत खिदळत बियाण्याच्या पोत्यांच्या काट्यावर एकेक करून उभ्या राहिल्या होत्या, आणि काटा वाचायला लाइल. आर्डिस उंच, खांद्याने रुंद, एकशे अठ्ठ्याहत्तर भरली होती. तिने त्याला कोपराने ढोसलं होतं, "कुठे बोललास तर बघ." तो कुठे बोलला नव्हता. हल्ली ती चर्चमधल्या बायकांबरोबर साखर सोडून बसली होती, म्हणून थोडी उतरलीही असेल. पण लाइलने तोच आकडा धरला. जास्त धरावं, कमी धरू नये, हा काट्याचा नियम.

बेरीज आली अकरा हजार चारशे चाळीस. पन्नास पौंड जास्त. नाकापेक्षा मोती जड.

"कढई नको," आर्डिस म्हणाली.

"कढई सोळा पौंड. चौतीस उरले."

"पाणी अर्धं भर."

"आणि अर्ध्या वाटेत संडासात काय ओतशील?"

आर्डिस टेबलापासून उठली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "लाइल, तू नुसत्या बेरजा करतोयस. ते बसेल. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"आहे माहीत."

लाइलला राग आला. वजनाच्या बाबतीत "आहे माहीत" असं काही नसतं, काटा असतो. शेवटी त्याने डीलरकडे जाऊन अट घातली: कॅम्पर माझ्या गाडीवर चढवून द्या, मी तो प्रवासाच्या सगळ्या सामानानिशी काट्यावर नेतो, बसला तर घेतो. ट्रेंट नावाचा तरुण सेल्समन हबकला. "मिस्टर ब्रेक्के, असं कुणी करत नाही."

"गहू न जोखता कुणी घेतो का?"

"पण हा गहू नाही."

"म्हणूनच म्हणतो. गव्हाला निदान बॅटरी वेगळी लागत नाही."

शनिवारी सकाळी डीलरच्या आवारात तमाशा झाला. लाइलने घरून सगळा संसार आणला होता. मुरंब्याच्या बरण्या, रजया, बूट, कढई, पिकलचं अंथरूण आणि खुद्द पिकल. लोक कॉफीचे कप घेऊन बघायला उभे राहिले. पाणी काठोकाठ भरलं, गॅस भरला. सगळं झाल्यावर आर्डिस म्हणाली, "मी इथेच थांबते. डोनट आहेत."

"अगं, तुझ्याशिवाय कसं? तूच तर सगळ्यांत—" लाइलने जीभ चावली.

"माझ्याऐवजी वाळूचं पोतं ठेव."

"वाळूचं पोतं देवमासे बघणार आहे का? चढ."

ती जरा वेळ उभी राहिली. आमच्याकडे त्या दिवसांत वारा असतो, आणि तिने लाइलचाच जुना लोकरी कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. मग चढली. वाटभर पिकलच्या कानाशी खेळत बसली.

हायवेला लागून ट्रकवाल्यांचा मोठा थांबा आहे, तिथे काटा. रोंडा नावाची बाई आत बसून आकडा वाचते आणि खांबावरच्या कर्ण्यातून सांगते. हा काटा वीस-वीस पौंडांच्या पायरीनेच पुढे सरकतो, बारीक फरक त्याला कळत नाही. लाइलने गाडी चढवली, इंजिन बंद केलं, श्वाससुद्धा धरला.

"अकरा हजार तीनशे ऐंशी," कर्णा म्हणाला.

लाइल स्टीअरिंगवर दोन्ही हात आपटून ओरडला. "बसला! आर्डिस, बसला! दहा पौंड राखून!" पिकल भुंकायला लागला. आर्डिस हसली, डोळे पुसले. "सांगत होते ना मी. चल आता, पैसे दे आणि घे."

लाइलने चावी फिरवली आणि परत बंद केली.

"साठ पौंड कमी," तो म्हणाला.

"असू दे की."

"असू दे कसं? माझी बेरीज चारशे चाळीस. काटा तीनशे ऐंशी. साठ गेले कुठे?"

"लाइल. बसलाय तो. सोड."

पण काट्यावरचा माणूस ते. जास्त आलं तर भांडेल, कमी आलं तर झोपणार नाही. काटा कमी दाखवतो तेव्हा कुणाचं तरी नुकसान होत असतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो खाली उतरला. पाण्याची टाकी बघितली, भरलेली. गॅस भरलेला. कढई होती. मागे दोन ट्रक येऊन थांबले होते. एकाने भोंगा वाजवला.

"काटा बिघडलाय तुमचा!" लाइल खांबाच्या कर्ण्यात ओरडला.

"काटा गेल्याच आठवड्यात तपासून गेलेत, साहेब," रोंडा म्हणाली. "तुमची बेरीज तपासा."

कुणी लाइलला बेरीज तपासायला सांगावं! त्याचे कान लाल झाले. एकेक गोष्ट उतरवून बघायची, दुसरा उपाय नाही. पिकलपासून सुरुवात करावी तर पिकल उतरेना. "आर्डिस, तू जरा उतर. एकदाच. तू खाली, की काटा खरा का खोटा ते लगेच कळेल. तुझं वजन मला—" आणि पुन्हा त्याने जीभ चावली.

आर्डिस म्हणाली, "नको ना, लाइल."

"दोन मिनिटं."

"मी सांगते तुला. घरी गेल्यावर सांगते."

पण त्याचं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्याने तिच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं. ती उतरली आणि काट्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

"अकरा हजार दोनशे साठ," कर्णा म्हणाला.

लाइलने वजाबाकी केली. पुन्हा केली. एकशे वीस. "बघ, म्हटलं ना, बिघडलाय!" तो म्हणाला, पण आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. तो काट्याबाहेर येऊन उभा राहिला. "आता वाचा!"

"अकरा हजार साठ."

दोनशे. म्हणजे तो स्वतः, बरोब्बर. काटा खरा होता.

मग त्याने आर्डिसकडे बघितलं. वाऱ्याने तो लोकरी कोट तिच्या अंगाला चिकटला होता, आणि कोटात जवळजवळ कुणी नव्हतं. बाह्या नुसत्या फडफडत होत्या. कुठून कुठून आलेल्या ट्रकांचं वजन जो खिडकीतून सांगायचा, त्याच्या समोर ही बाई रोज तीन वेळा जेवायला बसत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चर्चमधल्या बायका म्हणाल्या होत्या, "आर्डिस बारीक झाली हं," आणि त्याने हसून म्हटलं होतं, "साखर सोडलीय." तिच्या ताटातलं निम्मं पिकलच्या तोंडी जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि कुत्र्याला लाडावते म्हणून तिलाच रागावला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"जुलैपासून कळलंय. आधीपासून असेल."

"डॉक्टर?"

"तीनदा जाऊन आले. गोधडीच्या वर्गाला जाते म्हणायचे ना, ते." तिने कोट आवळून धरला. "आतड्यात आहे. ऑपरेशन म्हणतायत, मग औषधं. मी म्हटलं, आधी देवमासे, मग तुमचं ऑपरेशन. ते म्हणाले, बाई, इतकं थांबू नका. मी म्हटलं, अहो, अकरा वर्षं थांबलेय मी, दोन महिने थांबेन."

लाइलचं तोंड उघडं राहिलं. "आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू कॅम्परचं नाव टाकलं असतंस. आधी डॉक्टरांची तुलना करत बसला असतास." ती हसायला गेली, ते काही जमलं नाही. "भीती वाटत होती रे. तुला सांगितलं की खरं झालं असतं."

मागचा ट्रकवाला उतरून तावातावाने येत होता. "आजोबा, काट्यावर संसार मांडलाय की—" जवळ आला, दोघांची तोंडं बघितली, टोपी काढली आणि परत जाऊन ट्रकमध्ये बसला. कर्ण्यातून रोंडाचा आवाज आला, हळू, "साहेब, तुमचं आवरेपर्यंत थांबा. घाई नाही."

लाइलने बायकोला उचलून गाडीत बसवलं. उचलता आली, हाच सगळ्यांत मोठा धक्का.

डीलरच्या टेबलापाशी तो बसला तेव्हा ट्रेंटने घासाघीशीची सगळी तयारी ठेवली होती, पाण्याचा पेलासुद्धा. लाइल म्हणाला, "कुठे सही करू?"

"भाव बोलायचाय ना आधी, मिस्टर ब्रेक्के?"

"छापलाय तो. एकसष्ट. दे इकडे."

ट्रेंटला घाम फुटला. गेली चार वर्षं तो या माणसाला ओळखत होता. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

लाइलने पेन उचललं, आणि ते पेन आर्डिसने त्याच्या हातातून काढून घेतलं. "थांब रे तू," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून ट्रेंटसमोर बसली. "हे बघ पोरा. मी आजारी आहे, कदाचित मरेन. त्या बातमीने माझ्या नवऱ्याचं डोकं चालेनासं झालंय. आणि तू त्याला छापील भावाला हेरॉन विकणार? माझ्या जिवंतपणी?"

ट्रेंट पांढराफटक पडला. लाइलही. मरणाचा शब्द मघापासून नवराबायकोपैकी कुणी उच्चारला नव्हता. ट्रेंट आतल्या खोलीत गेला, बाहेर आला, परत आत गेला. बावन्न हजारांवर सौदा पटला, वर बॅटरी आणि उभं करायचे चार पाय फुकट. आर्डिसने पेन लाइलच्या हातात ठेवलं. "आता कर सही."

पण ऑक्टोबरात ते ओरेगॉनला गेले नाहीत. तिथे लाइल जिंकला, आयुष्यात बहुधा एकदाच, आणि रडून जिंकला, तेही पिकलसमोर. ऑपरेशन ग्रेट फॉल्सला झालं. नंतर औषधांसाठी दर आठवड्याला सलग काही दिवस तिथे राहावं लागे, आणि स्टॅनरूड शंभर मैलांवर, बर्फाचा रस्ता. तेव्हा हेरॉन हॉस्पिटलच्या मागच्या आवारात उभा राहिला, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आतला संडास कामी आला, आणि असा आला की लाइल एकदा म्हणाला, "टॅमरॅक घेतला असता तर मी स्वतःला गोळी घातली असती." आर्डिस उशाच्या खिडकीतून बर्फ साफ करणारा ट्रॅक्टर बघत पडून राहायची. "बावन्न हजारांत हे दाखवतोस होय रे मला?" ती म्हणायची. मग उलटीची पिशवी मागायची.

परतताना दर वेळी लाइल काट्यावर थांबायचा. सगळ्या टाक्या भरून, तोच संसार, तोच कुत्रा, सगळं पहिल्या दिवसासारखं. पैसे द्यायला जायचा तर रोंडा घ्यायची नाही. आकडा तीनशे ऐंशी यायचा. मग तीनशे साठ यायला लागला. दोन्ही वेळा तो "बरं" एवढंच म्हणायचा आणि गाडी काढायचा. आर्डिस म्हणायची, "मला धान्य समजतोस का रे?" तो म्हणायचा, "काटा नातं बघत नाही."

एप्रिलमध्ये, डॉक्टरांनी जा म्हटल्यावर, ते खरंच निघाले. वसंतात देवमासे परत उत्तरेला जातात, तेही चालतात असं आर्डिसने ठरवलं होतं. लाइल काट्यावर चढला.

"अकरा हजार चारशे," रोंडा म्हणाली, आणि मग, "साहेब, दहा पौंड जास्त होतायत तुमच्या गाडीला."

लाइल आर्डिसकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? मागे बटाट्याचं छोटं पोतं आहे. सकाळी घेतलं."

लाइल उतरला. मागचं दार उघडून त्याने पोतं काढलं, काट्याबाहेर खांबाशी नेऊन ठेवलं, परत येऊन आपल्या जागी बसला, दार लावलं. काट्याची एक पायरी म्हणजे कदाचित वीस पौंड, कदाचित दोनच, हे त्याला ठाऊक होतं. आणि या हिवाळ्यात तो स्वतः वाळला होता, भरला नव्हता, हेही ठाऊक होतं.

"वाचा," तो म्हणाला.

कर्णा खरखरला. "चारशेच," रोंडा म्हणाली. "अकरा हजार चारशे. जास्तच आहे, साहेब. बटाट्यांचं नव्हतं ते."

वीस पौंडांसाठी मेहुण्याला गहू उपसायला लावणारा लाइल ब्रेक्के स्टीअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडला. मग नाक पुसलं, गिअर टाकला, आणि दहा पौंड जास्त भरलेली गाडी घेऊन हायवेला लागला.

चाळीस मैल गेल्यावर आर्डिसने मागे वळून बघितलं. "लाइल," ती म्हणाली, "बटाटे कुठे आहेत?"